पोटाचा घेर आणि मेंदूचा आजार
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव, पीकविमा, वीजबिल असे विषय सोडून आज लठ्ठपणावर बोलायचे आहे असे कळल्यावर मागच्या रांगेत हसू उठले. ते साहजिक आहे. लठ्ठपणा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गादीवर बसलेला शेठजी येतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगावर चरबी कुठली, त्याची तर हाडे मोजता येतात, असेच आपण धरून चाललो. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आणि घरची शेतीही पाहतो. दवाखान्यात येणारी माणसे पाहून सांगतो, की हे धरून चालणे आता महागात पडू लागले आहे.

आधी आपल्याच विदर्भातली गोष्ट ऐका. गडचिरोलीच्या सर्च संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांमधल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. मलेरिया, क्षय, सर्पदंश ही नावे वर असतील असे कोणालाही वाटले असते. पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. शंभरातले चौदा मृत्यू त्याने झालेले, आणि त्यातले बहुतेक लोक घरच्या खाटेवरच गेले. ते पुण्या-मुंबईचे आरामात बसून खाणारे लोक नव्हते. भात पिकवणारी, मोहफुले वेचणारी माणसे होती.

इथे कोणी म्हणेल, डॉक्टर, गडचिरोलीची माणसे तर बारीक असतात, मग लठ्ठपणाचा संबंध काय? प्रश्न बरोबर आहे. लकव्याचे सगळ्यात मोठे कारण रक्तदाब आहे आणि तो बारीक माणसालाही होतो. खर्रा, बिडी, दारू, जास्तीचे मीठ हे त्याचे सोबती. म्हणून मी बारीक आहे, मला काय होते, असे म्हणून कोणी उठून जाऊ नये. पण रक्तदाब आणि साखर ज्या वाटांनी घरात शिरतात त्यातली एक मोठी वाट पोटावरच्या चरबीतून जाते, आणि ती वाट आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार रुंद झाली.

पोटावरची म्हणतो, ती जाणूनबुजून. २०१० साली बावीस देशांतल्या लकव्याच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. त्यात असे दिसले की नुसत्या वजनावरून लकव्याचा अंदाज नीट येत नाही, कमरेच्या आणि नितंबाच्या घेराच्या प्रमाणावरून तो चांगला येतो. म्हणजे चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे.

आणि इथे आपल्या लोकांचे दुर्दैव आडवे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हाच प्रश्न उकलला. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. बघणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार.

हे येते कुठून? याज्ञिकांच्या मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे तपासली. बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूत कमी, हाडापेराने लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. पोटात असताना आईला पुरेसे मिळाले नाही, तेव्हा शरीराने दुष्काळाची तयारी करून ठेवली. ज्या आया नऊ महिने भरेपर्यंत डोक्यावर पाणी वाहतात, शेतात राबतात आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खातात, त्यांची ही मुले. पुढे या मुलाला दोन पैसे मिळाले, मोटारसायकल आली, तेलकट-गोड खाणे आले, की दुष्काळासाठी बांधलेले शरीर सुकाळात बिघडते. गरिबीने दिलेला हा आजार सुबत्तेच्या पहिल्याच पायरीवर गाठतो. म्हणून भारतीय माणसाला धोक्याची रेघही गोऱ्या माणसापेक्षा अलीकडे आखली आहे. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईचा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. त्याच्या पुढे गेलात तर वजनकाटा काय म्हणतो ते सोडून द्या. पायजम्याची नाडी दरवर्षी किती पुढे बांधावी लागते ते ज्याचे त्याला माहीत असते.

आता ही पोटातली चरबी मेंदूपर्यंत पोचते कशी ते सांगतो. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले धान्य, नुसते पडून राहते, असे पूर्वी डॉक्टरही समजत. तसे नाही. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जिवंत असते, काम करते. ती रक्तात असे पदार्थ सोडते की अंगात सतत थोडा थोडा दाह चालू राहतो. इन्सुलिनचे ऐकणे शरीर कमी करते, साखर वाढते. रक्तदाब चढतो. रक्तातली घातक चरबी वाढते. हे सगळे मिळून रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर उतरते.

मेंदूचे वजन शरीराच्या शंभरातले दोन भाग, पण तो एकटा खातो शंभरातले वीस. एवढे खाद्य पोचवायला त्यात केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे आहे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना लगेच कळेल. गढूळ पाणी सोडले की आधी शेवटच्या तोट्या बुजतात, मुख्य पाइपाला काही दिसत नाही. आणि मोटारीचा दाब वाढला की जिथे नळी जुनी, पातळ, तिथे ती फाटते. लकव्याचेही दोनच प्रकार. वाहिनी बुजली तर एक, फुटली तर दुसरा. आपल्या मेंदूच्या शेतात बुजणारे जास्त, पण फुटणारेही कमी नाहीत.

आणि नुसते मोठे झटकेच नसतात. शेवटच्या तोट्या एकेक करून बुजतात तेव्हा कोणालाच कळत नाही. माणूस चालतो, बोलतो, पण पाय ओढत चालतो, चिडचिडा होतो, बाजारात हिशोब चुकतो, त्याच त्याच गोष्टी परत विचारतो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात दहा हजारांवर लोकांची चाळीस-पंचेचाळीसच्या वयात तपासणी झाली होती. तीस वर्षांनी त्यांच्यातल्या कोणाला स्मृतिभ्रंश झाला ते पाहिले. ऐन वयात जे लठ्ठ होते त्यांना तो होण्याचा धोका ७४ टक्क्यांनी जास्त निघाला. हे २००५ साली छापून आले. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी करणाऱ्या लॅन्सेट मासिकाच्या समितीने २०२४ साली अशी चौदा कारणे धरली. मध्यम वयातला लठ्ठपणा, रक्तदाब आणि मधुमेह ही तिन्ही त्यात आहेत. शाळा सुटणे आणि ऐकू कमी येणे हीसुद्धा आहेत, हे जाता जाता लक्षात ठेवा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१५ साली इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदी तपासल्या, तर उलटेच दिसले. बारीक लोकांना स्मृतिभ्रंश जास्त, जाड्यांना कमी. वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. त्याचा उलगडा असा, की हा आजार डोक्यात सुरू होतो तो दिसण्याच्या दहा-दहा वर्षे आधी, आणि त्याच काळात माणसाची भूक मरते, वजन उतरते. म्हणजे बारीकपणा हे बऱ्याच जणांत आजाराचे कारण नसून त्याची पहिली खूण असते. याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच की पोट उतरवायचे ते चाळिशीत. सत्तरीच्या आजीला उपाशी ठेवून काही साधत नाही, आणि म्हातारा माणूस कारण नसताना वाळू लागला तर त्याला दवाखान्यात दाखवा.

आता पायांकडे येतो, कारण माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त नुकसान मी तिथे पाहतो. साखर वाढली की मज्जातंतूंची टोके आधी मरतात आणि ज्या तारा सगळ्यात लांब त्या आधी जातात. म्हणून सुरुवात तळपायापासून. मुंग्या येतात, आग होते, रात्री पाय गादीवर टेकवत नाही. नुसत्या वाढलेल्या पोटानेही, साखर मधुमेहाच्या रेघेच्या अलीकडे असताना, ही सुरुवात होऊ शकते. पुढे आग थांबते आणि माणसाला वाटते बरे झाले. बरे झालेले नसते, पाय बधिर झालेला असतो. असा माणूस पऱ्हाटीच्या खुंटावर पाय देतो, बाभळीचा काटा आत मोडतो, त्याला कळत नाही. चप्पल निसटली तरी कळत नाही. शेकोटीशी पाय भाजतो. झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसते, हेही मी पाहिले आहे. जखम चिघळते, मग बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. एक पाय नसलेला माणूस डवरणी कशी करणार?

म्हणून ज्याला साखर आहे त्याने रोज रात्री पाय धुऊन, बॅटरी लावून तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला लावावे. वावरात अनवाणी जाऊ नये. बूट घालण्याआधी हात घालून आत खडा आहे का पाहावा. याला एक पैसा लागत नाही.

मुंग्या आल्या म्हणजे साखरच असे मात्र समजू नका. माळकरी घरांत, जिथे अंडे-मांस नाही आणि दूधही डेअरीला जाते, तिथे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेच करते. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतली तरी ते कमी होते. दारू हेच करते. आणि फवारणीची काही औषधे अंगात गेली तर दोन-तीन आठवड्यांनी पायातली शक्ती जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले मेलेल्यांकडे, जगलेल्यांच्या नसांचे काय झाले ते कोणी विचारले नाही. ज्यांनी फवारणी केली आहे त्यांनी डॉक्टरला ते आपणहून सांगावे, कारण डॉक्टर विचारेलच असे नाही.

बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. तरुण बाई, वजन अलीकडे भराभर वाढलेले, डोके सारखे दुखते, वाकले की डोळ्यांसमोर क्षणभर अंधार येतो. हिला आपण अर्धशिशीची गोळी देतो नाहीतर बाहेरचे काही झाले म्हणतो. डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढण्याचा हा आजार असू शकतो. तो मुख्यतः वजन वाढलेल्या तरुण बायकांनाच होतो आणि वेळीच पाहिले नाही तर नजर कायमची जाते. त्याचा पक्का इलाज वजन उतरवणे हाच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरने आतून डोळा पाहिला की कळते. डोकेदुखीने हैराण झालेल्या सुनेला गावातल्या भगताकडे नेण्याआधी एवढे करा.

आता आपल्या व्यासपीठावरचा खरा प्रश्न. पोट वाढले, हा काय आमचा चटोरपणा आहे? शहरातले शहाणे असेच म्हणतात. ज्वारी खा, भरड धान्य खा. २०२३ हे साल तर साऱ्या जगाने भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. मला विचारायचे आहे, ज्वारी आमच्या ताटातून घालवली कोणी? खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडून काळी पडली की तिला कुत्रेही विचारत नव्हते. सोंगणीला माणूस मिळेना, पाखरे राखायला पोर मिळेना, भाव मिळेना. सोयाबीन आले आणि ज्वारी गेली. तिच्याबरोबर कडबा गेला, बैल गेला, घरचे दूध-ताक गेले. रेशनवर काय मिळते? गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो लिहिले होते, पण आमच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या दिसले ते तांदळाचेच पोते. आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. ज्या माणसाला तांदूळ फुकट मिळतो त्याने ज्वारी पेरावी असे वाटत असेल तर भाव बोलला पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीची आधारभूत किंमत ३,३७१ रुपये क्विंटल होती. कागदावर ती गव्हापेक्षा जास्त. पण कागदाची भाकर होत नाही, खरेदी केंद्र उघडले तर ती किंमत.

तेलाचेही तसेच. घाण्यावरचे करडईचे, जवसाचे तेल गेले, बाहेरून येणारे पामतेल आले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त आयात होते. स्वस्त तेलामुळे चौकात टपऱ्या झाल्या, पाच रुपयांच्या पुड्या झाल्या, पोरे शाळेतून येताना त्याच खातात. आमच्या तेलबिया पाडल्या आणि त्यांच्या तेलाने आमची पोटे वाढवली.

पण सगळे सरकारवर ढकलून मोकळे होणार नाही. तणनाशक आल्यापासून निंदण गेले, ट्रॅक्टर आल्यापासून वखरणी गेली. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले, शेतकऱ्याने जन्मभर घाम गाळावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. मात्र आहार तोच राहिला, चहा वाढला, त्यातली साखर वाढली. जानेवारीत कापूस वेचून झाला की मृगापर्यंत कोरडवाहू माणसाला काम किती? लग्ने, तेरव्या आणि चौकातल्या पारावरची बैठक. ज्वारीची भाकर म्हणजे औषध नाही, चार भाकरी आणि वर भात खाल्ला तर साखर वाढणारच. भाकर दोन, डाळ आणि हिरवी भाजी दुप्पट, भात हातावर घेण्याएवढा, चहा दोन वेळा आणि अर्ध्या साखरेचा, मीठ-लोणचे-पापड कमी, रोज तास-अर्धा तास भरभर चालणे. चेन्नईत साखरेच्या उंबरठ्यावरच्या लोकांना असेच खाणे-चालणे शिकवले तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. २००६ साली ते प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. तेव्हा काटा हलला नाही म्हणून कोणी सोडून देऊ नये.

आणि गोळी. देशात ३१ कोटींवर लोकांना रक्तदाब आहे आणि १० कोटींवर लोकांना मधुमेह, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला आयसीएमआरचा अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःला माहीत नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा दहाने उतरला तर लकव्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होतो. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवी. मिळत नसेल तर ते आपल्या संघटनेचे काम आहे, खताच्या लिंकिंगविरुद्ध जसे उभे राहतो तसे याच्यासाठी उभे राहा. चांगले वाटते म्हणून गोळी सोडणारे आपल्यात फार आहेत. गोळीमुळे चांगले वाटते आहे, हे त्यांना घरच्यांनी सांगावे.

शेवटी, झटका आलाच तर. तोंड वाकडे झाले, एक हात उचलला तर खाली पडतो, बोलणे अडखळते, यातले एकही अचानक दिसले तर आधी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. वाहिनी बुजली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो, कारण वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन घात करते. म्हणून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. आपल्या तालुक्यापासून असा दवाखाना किती लांब आहे ते आजच विचारून ठेवा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. कबुतराचे रक्त, मालिश, मंतरलेला दोरा यात सकाळची दुपार होते आणि इंजेक्शनची वेळ निघून जाते.

आपण उत्पादन खर्च काढतो त्यात बियाणे, खत, मजुरी, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज धरतो. सरकारचा कृषिमूल्य आयोगही काढतो. पण घरचा कर्ता माणूस लकव्याने खाटेवर पडला, त्याच्यासाठी दोन एकर गहाण पडले, त्याची उठबस करायला सून घरी बसली आणि मुलाचे कॉलेज सुटले, हा खर्च कोणत्याच रकान्यात येत नाही. तो मागायचा कसा, याचा हिशोब प्रत्येक तालुक्याने आपापल्या गावातल्या घरांवरून मांडून पुढच्या बैठकीला आणावा. नावे नकोत, आकडे हवेत. आजार कोणता, किती दिवसांचा, कर्ज किती, जमीन किती गेली.

भाषण संपल्यावर मागच्या खोलीत मोजण्याची टेप आणि रक्तदाबाची दोन यंत्रे ठेवली आहेत. आधी बायका, मग पुरुष. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पोट आत ओढणाऱ्यांचे माप दोनदा घेण्यात येईल. खर्रा आणि चहा घेऊन लगेच रक्तदाब तपासू नका, अर्धा तास थांबा. ज्यांचा वरचा आकडा १४० च्या पुढे येईल त्यांनी घाबरू नये, पण पुढच्या आठवड्यात परत मोजून घ्यावा, आणि तोवर आपल्या गावच्या आशाताईंना सांगून ठेवावे.